अभ्यासांत फक्त मध्यक दिलाय? मेटा-अ‍ॅनालिसिस असे करा

क्षयरोगाची लक्षणे दिसल्यापासून निदान होईपर्यंत किती दिवस जातात, या प्रश्नावरचे शोधनिबंध मेटा-अ‍ॅनालिसिससाठी, म्हणजे सगळ्यांचे निकाल मिळून एकच उत्तर काढण्यासाठी, गोळा केलेत की बऱ्याच ठिकाणी सरासरीऐवजी मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) आणि चतुर्थके (त्याच रांगेत पाव आणि पाऊण अंतरावरचे आकडे) दिलेली आढळतील. लेखकांनी ते योग्यच केलेले असते. बहुतेकांचे निदान काही आठवड्यांत होते, थोडे रुग्ण वर्षभर दवाखाने पालथे घालतात आणि सरासरी त्या थोड्यांच्या मागे ओढली जाते. तरीही कुणीतरी सल्ला देतोच: 'सूत्र लावून मध्यकावरून सरासरी काढा आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरला द्या.' तो ऐकू नका.

आधी रुग्णसंख्या, मध्यक, पहिले आणि तिसरे चतुर्थक टिपून घ्या. कंसातले आकडे चतुर्थकेच आहेत की मध्यकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा मध्यक ज्यात असावा असा अंदाजे पट्टा), हे तक्त्याखालच्या टिपेत बघा. कॅपलान-मायर पद्धतीने (पाठपुरावा अर्धवट राहिलेले रुग्णही हिशेबात धरणाऱ्या) काढलेला जगण्याचा मध्यक असेल, तर पुढचे काहीही त्याला लावू नका.

आता एक काल्पनिक अभ्यास घेऊ: १०० रुग्ण, मध्यक ३० दिवस, चतुर्थके १५ आणि ७५. वान आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या सूत्राने तिन्ही आकड्यांची बेरीज भागिले ३, म्हणजे सरासरी ४०. चतुर्थकांमधले अंतर भागिले १.३५, म्हणजे प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत त्याचे माप) ४४. सूत्रात चूक नाही, पण ते घंटाकृती (नॉर्मल) वितरण गृहीत धरते. तसे वितरण इथे खरे मानले, तर शंभरातल्या अठरा जणांचे निदान लक्षणे दिसायच्या आधीच झाले असे म्हणावे लागेल!

वितरणाचा कल, म्हणजे ते एका बाजूला किती झुकले आहे, हे तपासायला दोन्ही चतुर्थकांच्या बेरजेतून मध्यकाची दुप्पट वजा करा आणि चतुर्थकांमधल्या अंतराने भागा. इथे ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. मोठ्या नमुन्यात साधारण २.६६ भागिले रुग्णसंख्येचे वर्गमूळ ही मर्यादा धरतात; त्यापुढे गेले तर वितरण घंटाकृती मानत नाहीत. शंभर रुग्णांना ०.२७. आपण तिच्या कितीतरी पुढे आहोत. त्याच तीन आकड्यांचे लॉगॅरिदम (लॉग) घेतले की उत्तर ०.१४ येते, मर्यादेच्या आत.

खरी गोम पुढे आहे. मध्यक एकत्र करायचे तर प्रत्येकाची प्रमाण त्रुटी (तो अंदाज किती डळमळीत आहे त्याचे माप) हवी, आणि ती सहसा कुणी छापत नाही. प्रमाण विचलन भागिले रुग्णसंख्येचे वर्गमूळ हे सरासरीचे सूत्र आहे, इथे चालत नाही. मध्यकाची प्रमाण त्रुटी ठरते मध्यकापाशी आकड्यांची दाटी किती आहे यावर: १ भागिले (२ × रुग्णसंख्येचे वर्गमूळ × मध्यकापाशी असलेली घनता, म्हणजे हीच दाटी). घनता काढायला वितरण गृहीत धरावेच लागते. आपल्या अभ्यासात घंटाकृती धरले तर त्रुटी ५.६ दिवस, लॉग-नॉर्मल (लॉग घेतल्यावर घंटाकृती होणारे) धरले तर ४.५. फरक किरकोळ वाटेल, पण एकत्रित उत्तरात अभ्यासाचे वजन त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे लॉग-नॉर्मल धरल्यावर त्याच अभ्यासाला दीडपट वजन मिळते.

शिवाय दिवसांतच हिशेब ठेवला, तर ज्याचा मध्यक लहान त्याची त्रुटीही सहसा लहान, म्हणून त्याला वजन जास्त. एकत्रित उत्तर नकळत खाली घसरते आणि निदान वाटते त्याहून लवकर होते असा निष्कर्ष छापला जातो. म्हणून माझा आग्रह लॉगवर काम करण्याचा. लॉग-मध्यकाची प्रमाण त्रुटी अशी: लॉग घेतलेल्या चतुर्थकांमधले अंतर भागिले १.३५, गुणिले १.२५, भागिले रुग्णसंख्येचे वर्गमूळ. आपल्या अभ्यासात ०.१५. मध्यक ३० असो वा ९०, चतुर्थके त्याच पटीत असतील तर ही त्रुटी बदलत नाही. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधले 'मेटामीडियन' पॅकेज प्रत्येक अभ्यासाला कोणते वितरण सर्वांत जवळचे ते स्वतः निवडते. सोयीचे आहे, पण एका अभ्यासाला गॅमा (एका बाजूला झुकलेले आणखी एक वितरण) आणि शेजारच्याला नॉर्मल का लागले, याचा जबाब तुम्हालाच द्यावा लागतो. कल तपासल्यावर सगळ्यांना लॉग-नॉर्मल बसत असेल, तर तेच ठेवा.

एखाद्या अभ्यासात फक्त सरासरी आणि प्रमाण विचलन असेल तर तो फेकू नका. प्रमाण विचलनाला सरासरीने भागा, वर्ग करा, १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि त्याने सरासरीला भागा, की लॉग-नॉर्मल धरून मध्यक मिळतो. सरासरी ४०, विचलन ४४ असेल तर मध्यक सुमारे २७.

मग लॉग-मध्यक आणि त्रुटी 'आर'मधल्याच 'मेटाफॉर' पॅकेजला द्या, रँडम-इफेक्ट्स मॉडेल (अभ्यासा-अभ्यासांत खरा फरक असू शकतो असे धरणारे) चालवा, उत्तर पुन्हा दिवसांत आणा. शेजारी रुग्णसंख्येच्या वजनाने काढलेला मध्यकांचा मध्यकही छापा. दोन्हींत मोठी तफावत दिसली, तर एखाद-दुसऱ्या अभ्यासाने सगळे वजन खाल्ले आहे का ते फॉरेस्ट प्लॉटमध्ये, म्हणजे प्रत्येक अभ्यासाचे उत्तर आणि वजन दाखवणाऱ्या आलेखात, शोधा.