अमरवेलीत यजमानाचे जनुक सापडले? आधी या चुका टाळा

अमरवेल ज्या झाडावर पोसते त्याचे, म्हणजे यजमानाचे, डीएनए कधीकधी तिच्या जनुकसंचात कायमचे जाऊन बसते, हे आता पक्के झाले आहे. कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस ही अमरवेलीची जात आणि तिच्या जवळच्या जातींत अशी १०८ जनुक-हस्तांतरणे २०१९ साली नोंदवली गेली. त्यामुळे ‘आम्हालाही सापडले’ म्हणण्याचा मोह होतो. पण हाती लागलेले ते जनुक पुष्कळदा नमुन्यात मिसळलेले यजमानाचेच डीएनए निघते.

नमुना वेलीवरून खुडणे

बहुतेक घोळ इथेच होतो. शोषकमुळे यजमानाच्या खोडात घुसलेली असतात, आणि तिथला तुकडा घेतला की दोन्ही झाडांच्या पेशी एकाच नळीत येतात. ‘शेंडा तर लांबचा आहे’ हा युक्तिवादही पुरत नाही. टोमॅटोचे संदेशवाहक आरएनए (जनुकाची पेशीत फिरणारी प्रत) वेल यजमानाला चिकटते त्या जोडापासून ३० सेंटिमीटरपर्यंत वेलीत सापडले आहेत.

उपाय एकच: यजमान न देता बियांपासून रोपे उगवा. बियांचे कवच टणक असते, म्हणून तीव्र सल्फ्युरिक आम्लात सुमारे ३० मिनिटे ठेवा (हातमोजे, चष्मा आणि धूर ओढणारा कक्ष हवाच), मग भरपूर पाण्याने पाच-सहा वेळा धुवा. ओल्या टिपकागदावर २५ ते ३० अंश सेल्सिअसला ठेवल्यास दोन-चार दिवसांत पिवळसर, पाने नसलेली, दोऱ्यासारखी रोपे निघतात. आधार आणि यजमान न मिळाल्यास ती आठवड्या-दोन आठवड्यांत सुकतात, त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी डीएनए काढून घ्या.

वेलीवरचाच जुना नमुना वापरावा लागला, तर यजमानाच्या हरितलवकातील ‘एनडीएच-एफ’ जनुकासाठी प्रायमर (जनुकाला नेमके चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून पीसीआर, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी, करा. या अमरवेलीच्या हरितलवकातून एनडीएच जनुके नाहीशी झाली आहेत. म्हणून ठळक पट्टी दिसली की यजमानाची भेसळ असल्याचा संशय घ्यावा. हरितलवकाच्या प्रती पेशीत खूप असतात, त्यामुळे थोडी भेसळही या चाचणीत पकडली जाते.

फक्त आरएनएवर विसंबणे

२०१४ साली दिसून आले की अमरवेल आणि अ‍ॅराबिडॉप्सिस (प्रयोगशाळेत वापरली जाणारी मोहरीच्या कुळातली वनस्पती) यांच्यात हजारो संदेशवाहक आरएनए ये-जा करतात. म्हणजे वेलीच्या आरएनए-अनुक्रमात यजमानाचे जनुक दिसणे ही रोजची गोष्ट, ते हस्तांतरण नव्हे. जनुक वेलीच्या गुणसूत्रावर बसले आहे हे सिद्ध करायला एक प्रायमर परक्या जनुकात आणि दुसरा शेजारच्या अस्सल अमरवेलीच्या जनुकात ठेवा. पट्टी आली की तिचा डीएनए-अनुक्रम सँगर पद्धतीने वाचा. दोन्ही बाजू एकाच तुकड्यात ओलांडणारे लांब वाचन मिळाले तर त्याहून उत्तम. वाचलेले तुकडे जोडून जनुकसंच उभा करताना वाचनांची खोलीही (एकच जागा किती वेळा वाचली गेली ते) पाहा: परका तुकडा आजूबाजूच्या जनुकांच्या मानाने अगदी विरळ वाचला गेला असेल, तर तो बहुधा भेसळीचा.

ब्लास्टमधला पहिला जुळणारा अनुक्रम हाच पुरावा समजणे

परोपजीवींचे अनुक्रम झपाट्याने बदलतात, त्यामुळे ब्लास्टची (अनुक्रम साठ्यातल्या अनुक्रमांशी जुळवून पाहणाऱ्या संगणकप्रणालीची) वरवरची जुळणी फसवते. वंशवृक्ष बांधाच, आणि त्यात अमरवेलीच्या कुळातल्या बिनपरोपजीवी वनस्पती (रताळ्याची प्रजाती आयपोमिया सहज मिळते) आणि यजमानाच्या कुळातल्या अनेक जाती घ्या. परके जनुक यजमानाच्या कुळाच्या आत, भक्कम आधाराने बसायला हवे; त्याच्या शेजारी असणे पुरेसे नाही.

यजमान मात्र आजचाच असेल असे धरू नका. शेंगावर्गीय वनस्पतींचे अल्ब्युमिन १ हे जनुक अमरवेलीतही आहे आणि बंबाखू या मुळांवर वाढणाऱ्या परोपजीवीच्या नात्यातल्या फेलिपँकीतही. दोघींत ते वेगवेगळ्या वेळी शिरले. अमुक वेल आज टोमॅटोवर आहे म्हणून फक्त टोमॅटोशी ताडून पाहिले, तर असे जुने हस्तांतरण निसटते.

इंट्रॉन नाहीत म्हणजे आरएनएमार्गे, हे सरसकट लावणे

आफ्रिकेतल्या स्ट्रायगा हर्मोन्थिका या परोपजीवी तणात ज्वारीसारख्या गवताकडून आलेले जनुक २०१० साली दाखवले गेले. त्यात इंट्रॉन (जनुकातले, संदेशवाहक आरएनए तयार होताना कापून टाकले जाणारे तुकडे) नव्हते, म्हणून आरएनएचा मार्ग सुचवला गेला. (आपल्या ज्वारीतला टारफुला म्हणजे तिचीच जवळची जात, स्ट्रायगा एशियाटिका.) पण त्याच कुळात पुढे सापडलेल्या अनेक जनुकांनी इंट्रॉन शाबूत ठेवले होते, म्हणजे तिथे डीएनएच थेट आले. मूळ जनुकातच इंट्रॉन नसेल तर या चाचणीचा उपयोगच नाही.

आणि दिशा तपासायला विसरू नका. इसबगोलाच्या प्लँटॅगो प्रजातीतल्या काही जातींत मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचे) एटीपी-१ जनुक परोपजीवींकडून आल्याचे २००४ सालीच दिसले आहे. म्हणून तुलनेसाठी यजमानाचे झाड निवडताना, ज्याला अमरवेल कधीच शिवली नाही असे, जाळीघरात बियांपासून वाढवलेलेच घ्या.