सिनेमाची नोंद: मत लिहिण्याआधी थिएटर वजा करा

सिनेमा बघून आल्यावर आपण जे मत ठोकून देतो, त्यातलं बरंचसं थिएटरबद्दलचं असतं. ‘संवादच कळले नाहीत’, ‘फार काळोखी सिनेमा आहे’, ‘इंटरव्हल भलत्याच ठिकाणी’ या तक्रारींत दिग्दर्शकाचा वाटा किती आणि मशीनचा किती, हे आधी सोडवून घ्यावं लागतं. नाहीतर वर्षभराने नोंदवही उघडली की काहीच पत्ता लागत नाही.

पानाच्या माथ्यावर एक ओळ: तारीख, थिएटर, स्क्रीन क्रमांक, रांग, शोची वेळ, टूडी की थ्रीडी आणि भाषा. भाषा गाळू नका. दक्षिणेतला सिनेमा सांगली-मिरजेत हिंदी डब पाहिलात, तर नायकाच्या ज्या आवाजावर तुम्ही खूश झालात तो बहुतेक वेळा दुसऱ्याचाच असतो.

तिकीट काढताना पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावरची, मधली खुर्ची धरा. आवाजाची जुळणी त्याच पट्ट्याच्या आसपास केलेली असते. पडदा 40 फूट रुंद असेल तर 55 ते 75 फुटांवरून तो नजरेत नीट मावतो. भिंतीलगत बसलात तर शेजारचा स्पीकर बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतो. जुन्या एकपडदा थिएटरात बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे आवाज दबतो. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग कधीही बरी.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं तेव्हा पॉपकॉर्नमध्ये डोकं घालू नका. त्यावर सिनेमाची लांबी असते, ती टिपा. यूएच्या पुढे आता 7, 13 किंवा 16 वय असतं. पोरांना घेऊन जाणाऱ्याला तुमच्या नोंदीतला हा आकडा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पुढची पाच मिनिटं तपासणीची. श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं बघा. अक्षरांच्या कडा पुसट असतील तर फोकस हललाय. अक्षरं धारदार आणि दृश्य मात्र धूसर असेल, तर ती छायाचित्रकाराची मर्जी. चौकटीचे दोन आकार नेहमीचे, रुंदी उंचीच्या 1.85 पट किंवा 2.39 पट. कपाळं कापली जात असतील किंवा सबटायटलची खालची ओळ पडद्याबाहेर जात असेल, तर लेन्स किंवा मांडणी चुकीची लावली आहे. काळोखाचा निवाडा जाहिरातींवरून करा. जाहिरातीतला पांढरा रंगही मळकट दिसत असेल, तर सिनेमाला बोल लावू नका. दिवा जुना झालेला असतो, केबिनच्या काचेवर धूळ असते, नाहीतर थ्रीडीचा फिल्टर टूडी शोलाही तसाच राहिलेला असतो.

आवाजाकडे जास्त लक्ष द्या, कारण घोटाळे तिथेच अधिक. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज त्यातून बाहेर पडतो. संगीत दणदणीत आणि माणसं मात्र रजईत तोंड घालून बोलल्यासारखी वाटली, तर मधला स्पीकर गेलाय किंवा भोकं धुळीने बुजलीत. दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. डॉल्बीच्या यंत्रणेवर ठरलेली पातळी 7 ची. ‘कान फुटतात’ अशी कुरकुर आली की ती 5 वर येते आणि तिथेच राहते. मग मारामारी सुसह्य होते, पण कुजबुजीचा प्रसंग एसीच्या घरघरीत बुडतो. असा सिनेमा ‘संथ’ वाटला, तर ते मत जरा थांबवून ठेवा.

बिघाड दिसला तर इंटरव्हलची वाट न बघता उठून सांगा. आता शो बऱ्याच ठिकाणी आपोआप सुरू होतो, केबिनमध्ये माणूस असेलच असं नाही. डोअरकीपरला ‘आवाज नीट नाही’ म्हटलं तर तो मान डोलावतो आणि विषय तिथेच मिटतो. ‘दादा, स्क्रीन दोनला संवाद अजिबात येत नाहीत, मधला स्पीकर बंद वाटतोय, ऑपरेटरला बघायला सांगा’ असं म्हटलं की हालचाल होते.

आत मोबाइलवर टिपणं काढू नका, मागच्या पाच रांगांना उजेड पडतो. आणि स्टेटससाठी पडद्याचं चित्रीकरण तर नकोच, 2023 च्या दुरुस्तीनंतर पायरसीचं चित्रीकरण थेट तुरुंगापर्यंत नेतं. इंटरव्हलला तीन-चार शब्द खरडा, बाकीचं बाहेर पडल्यावर. मात्र सोबत्याशी चर्चा सुरू व्हायच्या आत. पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत त्याचं मत तुमचं होऊन बसलेलं असतं. परदेशी सिनेमाला इंटरव्हल बहुधा थिएटरनेच पाडलेलं असतं, त्याचा राग दिग्दर्शकावर काढू नका.

आता मत. एकच प्रसंग निवडा आणि पडद्यावर काय दिसलं ते लिहा. ‘छायाचित्रण अप्रतिम’ याने काहीच कळत नाही. ‘मुलगा दारात उभा, आई पाठमोरी कणीक मळतेय. ती वळत नाही, फक्त हात थांबतात. कॅमेरा शेवटपर्यंत उंबऱ्याबाहेरच’ एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला सिनेमाची जात कळते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून सांगलीला नाटकाचं वेड आहे. इथला प्रेक्षक संवादाला चटकन दाद देतो आणि नोंदीही संवादांच्याच भरतात. म्हणून निवडलेल्या प्रसंगात कुणीच बोलत नसेल, तर उत्तम.

तारे देऊ नका. द्यायचेच तर दुसऱ्या दिवशी. रहस्य असेल तर मध्यंतरापुढचं काही लिहू नका, ‘शेवटी धक्का आहे’ हेसुद्धा नको, तेवढ्यानेही प्रेक्षक धक्का शोधत बसतो.

आणि नोंदीत ‘मधला स्पीकर बंद’ असं काही आलं असेल, तर मताची जागा कोरी ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या थिएटरात, नाहीतर सरळ कोल्हापूरला जाऊन बघा. तेही जमत नसेल तर ओटीटीवर हेडफोन लावून निदान संवाद ऐकून घ्या आणि मग ती जागा भरा.