.22 स्पोर्ट्‌स पिस्तूल: रिकॉइल स्प्रिंग आणि बफर बदलताना या चुका टाळा

रेंजवर कुणाची रिकामी पुंगळी बोल्टमध्ये (नळीमागे पुढे-मागे सरकणाऱ्या ठोकळ्यात) अडकली की शेजारच्या लेनमधून सल्ला हमखास येतो: "स्प्रिंग कडक टाक, सगळं ठीक होईल." बऱ्याचदा बिघाड इथूनच सुरू होतो. .22 पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेला बोल्ट परत पुढे आणणारी), बफर (बोल्टचा मागचा आपट झेलणारा मऊ तुकडा) आणि गोळी यांचं एकमेकांशी गणित जमलेलं असतं. त्यातलं एक हलवलं की बाकीची दोन बिनसतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट, सवयीची झाली असली तरी: मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्यांचा डबा दुसऱ्या टेबलावर ठेवा. पिस्तूल त्यानंतर उघडायचं.

कडक स्प्रिंग म्हणजे संरक्षण, हा गैरसमज

स्पोर्ट्‌स पिस्तुलं बहुतेक ब्लोबॅक पद्धतीची असतात. नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकवलेले नसतात. गोळी सुटते त्या क्षणी मागे येणाऱ्या धक्क्याला आधी बोल्टचं वजन तोंड देतं. स्प्रिंगचं काम त्यानंतरचं: वेग कमी करायचा, बोल्ट परत पुढे आणायचा आणि पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलायची.

कडक स्प्रिंग टाकली की मागचा आपट कमी होतो, हे खरं. पण तीच स्प्रिंग बोल्टला पुढेही तेवढ्याच जोराने फेकते. नळीच्या मागच्या तोंडावर मार वाढतो, बोल्ट बंद होताना नळी खाली झुकते, आणि रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट गोळ्या झाडायच्या फेरीत, लगेच परत निशाण्यावर यायचं असताना हा झोल अंगाशी येतो. त्यात बोल्ट पुरता मागे गेलाच नाही तर पुंगळी बाहेर पडता पडता खिडकीत उभी अडकते, किंवा पुढची गोळी उचललीच जात नाही. मग मॅगझिन खराब म्हणून नवं घेतलं जातं, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) घासला जातो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

गोळी बदलली आणि विसरलो

मला विचाराल तर झीज सगळ्यात जास्त इथे होते. .22 ची नेहमीची 40 ग्रेनची म्हणजे 2.6 ग्रॅमची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरने सुटते. त्याच वजनाच्या हाय व्हेलॉसिटी गोळीच्या डब्यावर सुमारे 380 मीटर छापलेलं असतं. हे आकडे रायफलच्या नळीतले, पिस्तुलात दोन्ही कमी भरतात, पण फरक राहतोच. वेग जेमतेम 17 टक्क्यांनी वाढला. बोल्टला मिळणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 37 टक्के.

आता समजा बोल्ट पाव किलोचा आहे. स्टँडर्ड गोळीने त्याला साधारण 1.4 ज्यूल मिळतात आणि स्प्रिंग व हॅमर (घोडा) मिळून त्यातले 1 ज्यूल खातात. उरले 0.4, ते बफरने झेलायचे. हाय व्हेलॉसिटी गोळीने तोच बोल्ट 1.9 ज्यूल घेऊन येतो. स्प्रिंग तीच, म्हणून बफरवर 0.9 ज्यूल पडतात. गोळी थोडी जोरकस झाली आणि बफरवरचा मार दुपटीच्या वर गेला. हाय स्टँडर्ड या कंपनीच्या जुन्या पिस्तुलांचे मालक फक्त स्टँडर्ड व्हेलॉसिटी वापरा असं घोकत असतात, ते याचसाठी. तेव्हा स्प्रिंगला हात लावण्याआधी मॅन्युअलमध्ये कोणती गोळी सांगितली आहे ते बघा. पिस्तुलाची झीज कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त "अपग्रेड" हाच आहे.

बफर कोणी बघतच नाही

हॅमर्ली 208 सारख्या जुन्या पिस्तुलात बफर नावाचा एक छोटा तुकडा असतो. तो दबून चपटा झाला की स्लाइड (इथे बोल्टचं काम करणारा वरचा भाग) थेट फ्रेमवर आपटू लागते. तो काढून नखाने दाबून बघा. चांगला असेल तर नख किंचित आत जातं आणि खूण लगेच भरून येते. खूण तशीच राहिली, कडा चुरगळल्या, पृष्ठभागावर बारीक जाळी दिसली किंवा एका बाजूला चकचकीत खड्डा पडला, तर तो टाकून द्या. रबर आणि पॉलियुरेथेनचे बफर न वापरताही खराब होतात, त्यामुळे कपाटात पडून राहिलेल्या पिस्तुलाचा बफर तर आधी तपासायचा. पेट्रोल किंवा थिनरने पिस्तूल धुणाऱ्यांना एकच विनंती: बफर बाजूला काढून ठेवा. या द्रवांनी तो फुगतो.

एकावर एक दोन बफर बसवायचा जुगाड मात्र करू नका. बोल्टचा मागचा प्रवास तेवढ्या जाडीने तोकडा होतो, आणि मग शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नाही.

स्प्रिंगवरची कारागिरी

सैल झालेली स्प्रिंग ओढून लांब करणं फुकटचं आहे. थोड्याच गोळ्यांत ती पुन्हा आखूड होते, आणि तिचे वेढे असमान झालेले असतात. कापणं त्याहून वाईट. वेढे कमी झाले की त्याच जागेत स्प्रिंगचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमी पडतो, शिवाय कापलेलं टोक गाइड रॉडला (स्प्रिंगच्या आतल्या दांडीला) ओरखडे काढतं.

उलट चूक जाड तारेची स्प्रिंग आणणाऱ्यांची. एक साधा हिशोब करून बघा. तार 1 मिलिमीटरची आणि वेढे 30 असतील तर पूर्ण दाबलेली स्प्रिंग 30 मिलिमीटरपेक्षा लहान होऊच शकत नाही. बोल्ट पूर्ण मागे असताना जागा 28 मिलिमीटरच उरत असेल, तर बोल्टला बफर नाही, स्प्रिंगच अडवते आणि लवकरच मोडते. बसवल्यावर रिकामं पिस्तूल हाताने सावकाश मागे ओढा. शेवटचा थांबा मऊ आणि दर वेळी त्याच जागी लागला पाहिजे.

स्प्रिंगचा दोष नसतानाही स्प्रिंगवर खापर

.22 च्या गोळीवर मेण असतं. मेण आणि काजळी बोल्टच्या खाचांत जमली की बोल्ट संथ होतो आणि लक्षणं हुबेहूब कडक स्प्रिंगसारखी दिसतात. आधी साफसफाई, मग एक डबा ठरलेल्या गोळ्यांचा, आणि पुंगळ्या कुठे पडतात त्यावर नजर. दर वेळी साधारण एकाच जागी पडत असतील तर पिस्तूल ठीक चाललंय. पूर्वी पडायच्या त्यापेक्षा लांब उडू लागल्या तर स्प्रिंग थकली असण्याची शक्यता जास्त. पायाशीच पडू लागल्या तर मळ, कमी ताकदीची गोळी किंवा जास्त कडक स्प्रिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने सुधारलं ते कळणार नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची भर वेगळी. केसमधला फोम ओल धरून ठेवतो, आणि साध्या पोलादी तारेवर गंजाचा बारीक ठिपका पडला की स्प्रिंग पुढे तिथूनच तुटते. जून ते सप्टेंबर पिस्तूल फोममध्ये मुक्कामाला ठेवू नका. पातळ तेलाचा हात आणि सिलिका जेलची पुडी पुरते.

गोळ्यांची नोंद वहीत ठेवा. आठवड्याला 300 गोळ्या म्हणजे सरावाचे 50 आठवडे धरले तर वर्षाला 15,000, आणि हा आकडा अंदाजाने कोणालाच खरा सांगता येत नाही. नवी स्प्रिंग आली की वापरण्याआधी तिची लांबी मोजून वहीत लिहा, पुढे जुनीशी ताडून बघायला तोच आधार. सुटे भाग परवानाधारक डीलरकडून किंवा आपल्या असोसिएशनमार्फतच मागवा. शस्त्र कायदा 1959 मध्ये "शस्त्र" या शब्दात सुटे भागही येतात, तेव्हा ओळखीतल्या कुणाकडून पाकिटात मागवण्याच्या भानगडीत पडू नका. आणि फ्रेमवर बफरच्या मागे किंवा स्लाइडच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली, पुसूनही गेली नाही, तर स्प्रिंगचा विषय तिथेच संपला. त्या पिस्तुलातून पुढची गोळी आर्मररने (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिराने) बघितल्यावरच.