सोलरची टाकी रात्रीत गार व्हायची, ते कसं सुटलं

शेड गरम ठेवायला छपरावर फ्लॅट प्लेट कलेक्टर (उन्हाने तापणारं सपाट पॅनेल), खाली इन्सुलेशनवाली टाकी आणि तिथून फरशीखालच्या पाइपांत गरम पाणी, अशी सिस्टीम. फरशीला ३५-४० डिग्रीचं पाणी पुरतं, आणि उंच शेडला हेच बरं, गरम हवा सोडली तर ती सगळी वर पत्र्याला जाऊन बसते.

तर प्रॉब्लेम असा की संध्याकाळी टाकी मस्त तापलेली आणि सकाळी बघावं तर कोमट, रात्री फरशीचा पंप बंद असूनसुद्धा. सगळे म्हणाले इन्सुलेशन गेलं, मला काही पटेना कारण टाकी बाहेरून हाताला गारच लागायची. मग रात्री कलेक्टरकडे जाणारा पाइप चाचपला, कलेक्टरचा पंप बंद आणि पाइप चांगला गरम! म्हणजे टाकीच्या कॉइलमधलं (आतल्या गुंडाळी पाइपातलं) ग्लायकॉल, म्हणजे कलेक्टर आणि टाकीत फिरणारं न गोठणारं द्रव, तापून आपोआप वर चढतंय, कलेक्टरमध्ये गार होऊन दुसऱ्या पाइपने खाली येतंय, दिवसभर कमावलेलं रात्रभर आकाशाला दान. नॉन रिटर्न व्हॉल्व (उलटा प्रवाह अडवणारा) होता, पण साधा झडपवाला, खोलला तर सीटवर (झडप टेकते तिथे) कचरा अडकून झडप अर्धवट उघडी. स्प्रिंगवाला बसवला, आधी गाळणी टाकली, ग्लायकॉल भरून हवा काढली (हे सगळ्यात किचकट काम).

जाता जाता कंट्रोलरपण सेट केला, कलेक्टर टाकीपेक्षा ७-८ डिग्री जास्त तापला तरच पंप चालू, फरक ३ वर आला की बंद, नाहीतर ढगाळ दिवशी पंप नुसता चालू-बंद करत बसतो. आता सकाळी टाकीचा काटा जरासाच उतरलेला असतो.