एकाग्रतेची गोळी बंद करताना या चुका टाळा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणारा विकार; त्यासाठी मिथाइलफेनिडेटसारखे उत्तेजक औषध अनेक वर्षे घेतल्यावर ते थांबवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. चूक होते ती डॉक्टरांना न विचारता एके दिवशी परस्पर गोळी बंद करण्यात. त्यानंतरचे काही दिवस अनेकांना जड जातात. अंग गळून जाते, दिवसा झोप अनावर होते, इतके दिवस दबलेली भूक उसळते आणि मन उदास राहते. घरचे याला आळस म्हणतात, आणि ती व्यक्ती स्वतः ‘गोळीशिवाय आपल्याला काहीच जमणार नाही’ असा निष्कर्ष काढते. हा निष्कर्ष फार घाईचा आहे. औषध थांबल्याचा थकवा साधारणपणे काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. मूळ एडीएचडीची लक्षणे मात्र परत आली की टिकून राहतात. म्हणून झोप, भूक, मनःस्थिती आणि कामातील लक्ष यांची रोज दोन ओळींत नोंद ठेवावी व ती डॉक्टरांना दाखवावी. स्वतःहून मात्रा वाढवत नेलेल्यांना औषध थांबल्याचा हा त्रास अधिक तीव्र जाणवतो, त्यामुळे त्यांनी वाढवलेली मात्रा डॉक्टरांपासून लपवू नये. जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा.

मरगळ घालवण्यासाठी दिवसभर कडक चहा-कॉफी पिणे हीदेखील चूकच, कारण त्याने छातीतील धडधड वाढते आणि रात्रीची झोप मोडते.

दुसरी मोठी चूक औषध चालू असतानाच होते: रक्तदाब वर्षानुवर्षे मोजलाच जात नाही. स्वीडनमधील सुमारे 2 लाख 78 हजार व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीएचडीची औषधे दीर्घकाळ घेण्याचा संबंध हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांशी, विशेषतः उच्च रक्तदाबाशी, आढळला. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून तो वाचून घाबरून औषध सोडणे चुकीचेच. पण नाडी व रक्तदाब नियमित तपासण्याचा आग्रह धरायला तो पुरेसा आहे. पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजावा. मुलांच्या बाबतीत उंची आणि वजनाचा आलेखही हवा, कारण दीर्घ वापरात वाढ थोडी मंदावू शकते. सुट्टीत औषध थांबवायचे का, हे तो आलेख पाहून डॉक्टरांनी ठरवावे.

उरलेल्या गोळ्या परीक्षेला बसलेल्या भावंडाला तर मुळीच देऊ नयेत. भारतात हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे, आणि ज्याच्या हृदयाची तपासणी झालेली नाही त्याच्यासाठी ते धोक्याचे ठरू शकते.

बंद करण्याची वेळ परीक्षा, नवी नोकरी किंवा बाळंतपणानंतरच्या जागरणाच्या दिवसांत शक्यतो निवडू नये, आणि गोळी थांबवण्यापूर्वीच पुढच्या तपासणीची तारीख घेऊन ठेवावी.