बिटकॉइन घ्यायच्या आधी जरा कोबीचं गणित आठवा

आपल्या बेळगाव तालुक्यात कोबीचं गणित पोराटोरांना पण ठाऊक आहे, एका वर्षी दर लागला की पुढच्या वर्षी अख्ख्या शिवारात कोबीच कोबी, आणि मग मार्केटात न्यायला टेम्पोचं भाडं पण सुटत नाही म्हणून उभ्या पिकात मेंढरं सोडायची. क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांत, पण हेच होतं, फक्त इथं चक्र चारेक वर्षांचं असतंय आणि मेंढरं आपणच असतो.

मी घुसलो नोव्हेंबर २०२१ ला. खडेबाजारात चहाच्या गाड्यावर चौघं जण नुसतं कॉइनवर बोलत होते, त्यातला एक मोबाईलची कव्हरं विकणारा, आणि मला वाटलं सगळं गाव श्रीमंत होणार नि आपणच मागं राहणार. तेव्हा बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास. वर्षभरात एफटीएक्स नावाचं मोठं एक्स्चेंज, म्हणजे कॉइन घ्यायचा-विकायचा बाजार, बुडालं, भाव सोळा हजाराच्या खाली आला, म्हणजे लाखाचे तेवीस हजार. आणि मी नेमकं त्याच आठवड्यात रात्री दोन वाजता सगळं विकलं, बायको आतनं ओरडतेय "अहो झोपा की ओ आता" आणि मी आपला लाल आकडे बघत बसलोय.

म्हणून पहिलं काम, एक वही घाला. घ्यायच्या आधी तीन ओळी लिहायच्या, का घेतोय, किती बुडाले तरी घरात चूल पेटेल, आणि कुठल्या भावाला विकणार. माझ्या त्या खरेदीची ओळ मी नंतर खरी खरी लिहिली ती अशी: "का घेतलं - गाड्यावरचे घेत होते म्हणून. कधी विकणार - वर गेलं की." वर म्हणजे किती, ते डोक्यातच नव्हतं.

आता टायमिंगचं. बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे खातेवहीच्या एकेका पानावर नोंदतात, आणि दर पानामागं थोडे नवीन बिटकॉइन तयार होतात. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हे नव्यानं मिळणारे बिटकॉइन निम्मे होतात, ह्याला हाल्व्हिंग म्हणतात, आतापर्यंत २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ ला झालं, ५० पासून सुरू होऊन एका ब्लॉकला आता ३.१२५ वर आलंय. २०१६ आणि २०२० नंतर साधारण दीड वर्षात भाव टोकाला गेला, म्हणून लोकं कॅलेंडर घेऊन बसतात. पण २०२४ ला जानेवारीत अमेरिकेत बिटकॉइनच्या ईटीएफला, म्हणजे शेअरसारखा घेता येणाऱ्या बिटकॉइनच्या फंडाला, परवानगी मिळाली आणि हाल्व्हिंगच्या आधीच मार्चमध्ये जुना उच्चांक मोडला, झालं, कॅलेंडरवाले बघतच राहिले. मृग लागला म्हणून पाऊस येतोच असं नाही, आपण बी-बियाणं तेवढं तयार ठेवतो, हाल्व्हिंगचा उपयोग तेवढाच समजा.

घ्यायचं कसं? भिशीसारखं. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, मग भाव काही का असेना. मंदीत भिशी मोडायची नाही आणि तेजीत हप्ता दुप्पट करायचा नाही, हे दुसरं जास्त अवघड आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. सोनं गहाण ठेवून तर अजिबात नको.

आणि एक, चक्र फिरून परत वर येतं हे आतापर्यंत बिटकॉइनच्या बाबतीत झालंय, हरेक कॉइनच्या नाही. मे २०२२ मध्ये लुना नावाचं कॉइन काही दिवसांत जवळजवळ शून्यावर गेलं, त्यात "स्वस्त झालंय" म्हणून आणखी टाकत बसणाऱ्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पडलेलं आणि मेलेलं ह्यात फरक असतो.

विकायला मात्र खरी अक्कल लागते. सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "माझ्या भावाला आलं की सुटतो", म्हणजे घेतलं त्या भावाला परत आलं की विकतो, पण तुमचा भाव बाजाराला माहीतच नाही हो. मी आता असं करतो, दुप्पट झालं की मुद्दल बाहेर, राहिलेल्याचे चार भाग, आणि प्रत्येक भागाचा भाव आधीच वहीत. मुद्दल काढताना टॅक्स विसरू नका. आपल्याकडे फायद्यावर ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वजा होत नाही. लाखाचे दोन लाख झाले आणि तुम्ही एक लाखाचं विकलं तर त्यात पन्नास हजार फायदा, त्यावर १५,६०० टॅक्स, हातात उरतात ८४,४००. पूर्ण लाख हातात हवा असेल तर साधारण १,१८,५०० चं विकावं लागतं. एक टक्का टीडीएस कापतात तो रिटर्न भरताना ह्यातच वळता होतो.

गर्दीचा मूड बघायला फिअर अँड ग्रीड इंडेक्स आहे, शून्य म्हणजे सगळे घाबरलेत, शंभर म्हणजे सगळ्यांना हाव सुटलीय, बघायला हरकत नाही. माझा इंडेक्स म्हणजे आमचा मेव्हणा. त्याचा फोन आला "भावजी कुठला कॉइन घेऊ" की मी वही उघडतो आणि विकायचे भाव तपासतो, आणि तो क्रिप्टोचं नाव काढलं तरी शिव्या घालायला लागला की माझा हप्ता न चुकता जातो. आतापर्यंत इंडेक्सपेक्षा मेव्हणाच बरा निघालाय.

रात्री दहानंतर घ्यायचं पण नाही, विकायचं पण नाही. नोटिफिकेशन बंद, ॲप फोनच्या पहिल्या पानावरनं काढून टाका, भाव रविवारी बघायचा. आणि जे काय करायचं ते वहीत लिहून सकाळी चहा झाल्यावर करायचं, तेवढ्यात अर्धी खुमखुमी गेलेली असते.