कडेचे तारे पाहिलेस का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेला तारा, शोधला होता. निदान एक रात्र तरी मला तसं वाटत होतं. एका दीर्घिकेच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहाच्या) ऐन मध्यावर पांढरा ठिपका, आणि त्याला चिकटून एक काळा. पहाटे तीनला माझ्या मार्गदर्शक मॅडमना मेल टाकली. सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "कडेचे तारे पाहिलेस का?" पाहिले. प्रत्येक ताऱ्याला तसाच काळा-पांढरा जोडठिपका. दोन फोटो एकमेकांवर नीट बसलेच नव्हते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना हे आधी सांगतो, कारण सुपरनोव्हा शोधायचा म्हणजे मुख्यतः वजाबाकी करायची. आजच्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो वजा करायचा. दीर्घिका निघून जाते, नवं काही उजळलं असेल तर तेवढंच उरतं. बोलायला सोपं आहे. पण दोन रात्रींची हवा कधी सारखी नसते. एका रात्री तारे टाचणीच्या टोकाएवढे, दुसऱ्या रात्री पसरट. मग चांगला फोटो हिशेबाने तेवढाच धूसर करायचा आणि मग वजा करायचा. माझे पहिले आठ महिने यात गेले. प्रबंधात त्याला जागा मिळाली दीड पान.

ठिपका खरा निघाला की वर्णपट घ्यायचा, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत वेगळा करून बघायचा. ६५६३ अँगस्ट्रॉमच्या (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) आसपास हायड्रोजनची रेषा दिसली तर टाइप टू, म्हणजे जड ताऱ्याचा गाभा कोसळलाय. हायड्रोजन नाही आणि ६१५० च्या जवळ सिलिकॉनची खोल दरी आहे, तर टाइप वन-ए, म्हणजे श्वेतबटूचा, विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचा, स्फोट. (मराठीत सुपरनोव्हाला अतिनवतारा म्हणतात. मरणाऱ्या ताऱ्याच्या नावात 'नव' हे मला अजून खटकतं.) १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय हे कळलं ते या वन-ए स्फोटांवरूनच, आणि २०११ चं नोबेलही त्यालाच मिळालं. त्यामुळे नवे विद्यार्थी सगळे तिकडे धावतात. मीही धावलो होतो.

पण रमलो दीर्घिकांत. जी वजा करून टाकली, तिच्याकडेच परत जावं लागतं. जड तारा जेमतेम काही कोटी वर्षं जगतो, त्यामुळे जिथे जन्मला त्याच्या आसपासच फुटतो. म्हणून टाइप टू सापडतात ते नवे तारे घडत असलेल्या सर्पिल बाहूंत. वन-एला मात्र अब्जावधी वर्षंही लागू शकतात. तो म्हाताऱ्या, लंबवर्तुळाकार दीर्घिकेतही सापडतो. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेत १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत दहा स्फोट नोंदले गेले. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी नक्की पाहिलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ चा! हा फरक कशामुळे, या एका प्रश्नावर माझी तीन वर्षं गेली.

दुर्बिणीबद्दल. मी हानलेची दोन मीटरची दुर्बीण वापरली. ती लडाखमध्ये ४५०० मीटर उंचीवर आहे, पण चालवायची बंगळूरजवळच्या होसकोटेतून, उपग्रहामार्फत. घरच्यांना वाटायचं पोरगं बर्फात बसलंय, आणि मी इथे पंख्याखाली. वेळ मात्र प्रपोजल लिहून मिळवावी लागते. माझं पहिलं प्रपोजल नाकारलं गेलं. भौतिकशास्त्रावर चार परिच्छेद लिहिले होते, पण लक्ष्य कोणत्या महिन्यात, रात्री किती तास, किती उंचीवर असेल हेच लिहिलं नव्हतं.

प्रवेशाचं थोडक्यात: भौतिकशास्त्रात एमएस्सी, मग जेस्ट, गेट किंवा नेट यांपैकी एक प्रवेश परीक्षा, आणि मुलाखत. जेआरएफ, म्हणजे संशोधन विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. मुलाखतीत मला खगोलशास्त्राचं फारसं विचारलं नाही, क्वांटम आणि सांख्यिकीचं विचारलं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मी एमएस्सीनंतर शिकलो. तुम्ही थांबू नका. चिलीतली रुबिन वेधशाळा आता आकाशात काही बदललं की कळवणाऱ्या सूचना एका रात्रीत लाखोंनी पाठवणार, त्या डोळ्यांनी बघत बसायला कुणाला वेळ नाही.

आजच काही करायचं असेल तर एम १०१ ही दीर्घिका घ्या. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने तिच्यात एसएन २०२३आयएक्सएफ हा सुपरनोव्हा शोधला, आपल्यापासून सुमारे २ कोटी प्रकाशवर्षांवर. कॅलिफोर्नियातल्या झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी या आकाश-सर्वेक्षणाचे फोटो फुकट मिळतात. एक त्या तारखेआधीचा, एक नंतरचा उतरवा. ॲस्ट्रोपाय हे पायथनचं खगोलशास्त्राचं पॅकेज टाका, दोन्ही जुळवा, वजा करा. सर्पिल बाहूत एक ठिपका उरेल. मला मेल करण्याआधी कडेचे तारे बघा.